नवा हायवे तुमच्या शिवारातून चाललाय? मग या चुका टाळा, नंतर दुरुस्त होत नाहीत

आमच्या गावच्या फाट्यावर डिव्हायडरला एक खाच आहे, जेमतेम चार फुटांची, कुणीतरी रातोरात पहारीनं फोडलेली. सकाळी शाळेची पोरं, दुधाचे कॅन लटकवलेल्या गाड्या, शेळ्या, सगळं तिथूनच जातंय, कारण गाव एकीकडं अन् शाळा आणि निम्मी शेती दुसरीकडं, आणि रीतसर पलीकडं जायचं म्हणलं तर अडीच किलोमीटर पुढं जाऊन यू-टर्न घ्यायचा आणि तेवढंच परत यायचं. त्या खाचेपाशी आमच्या ओळखीतली दोन माणसं गेलीत. खाच बुजवतात, पंधरा दिवसांत परत फुटते. मला विचाराल तर ही चूक रस्त्यासाठी जमिनीची मोजणी झाली त्या दिवशीच झाली. मी त्या दिवशी शेतात हजर होतो आणि आम्ही सगळे साहेबांना एकच विचारत होतो, गुंठ्याला भाव काय लागणार.

म्हणून हे लिहायलोय. जालना-नांदेड द्रुतगती मार्ग आहे, शक्तिपीठ महामार्ग तर हिंगोली, नांदेड, परभणी, बीड, लातूर, धाराशिव एवढ्या जिल्ह्यांमधून आखलाय. रस्ता व्हावा की नको हा वाद वेगळा, तो ज्याच्या त्याच्या जमिनीचा प्रश्न आहे. पण ज्यांच्या शिवारात दगड रोवायला माणसं येणारेत त्यांनी तरी आमच्यासारखं करू नये.

फक्त भावाचं बोलणं

पैसा महत्त्वाचा आहेच, पण नकाशा पण मागा. त्यात भुयारी मार्ग कुठं आहे, सर्व्हिस रोड कुठून कुठवर आहे हे बघा आणि मग चार जाणत्या माणसांनी ती लाईन पायी चालून काढा. पांदण कुठं तुटते, शाळेची वाट, स्मशानभूमी, जनावरं पाण्यावर जातात तो ओढा, सगळं गट नंबरासकट लिहून काढा. भुयारी मार्ग दिलाय म्हणून खूश होऊ नका, उंची विचारा. कडब्यानं भरलेली ट्रॉली, हार्वेस्टर त्यातनं जायला पाहिजे, नाहीतर तुम्ही जाणार वरून, म्हणजे रॉंग साईडनं. हे सगळं ग्रामसभेच्या ठरावात घ्या, ठराव भूसंपादन कार्यालयात द्या आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. तोंडी सांगितलेलं कुणाच्याच लक्षात राहत नाही, साहेबांची तर बदली होऊन जाते.

आणि पाईपलाईन! विहीर रस्त्याच्या एका बाजूला राहते अन् रान दुसऱ्या बाजूला. भराव पडायच्या आधी रस्त्याखालून आरपार मोठा पाईप टाकून मागा, त्यातनं तुमची लाईन नंतर कधीही नेता येते. एकदा डांबर-काँक्रीट पडलं की परवानग्यांसाठी हेलपाटेच हेलपाटे.

मुदत निघून जाणं

राष्ट्रीय महामार्ग असेल तर १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्यातल्या कलम ३अ (इंग्रजीत 3A) ची अधिसूचना, म्हणजे जमीन घ्यायचा इरादा जाहीर करणारी सूचना, राजपत्रात निघाल्यापासून हरकतीला फक्त २१ दिवस असतात. पेपरात जाहिरात येते पण बारीक टाईपात, गावात दोन पोरांना हे बघायचं कामच लावून द्या. राज्याचा रस्ता असेल तर कायदा वेगळा, म्हणून नोटिशीच्या वर कोणता कायदा लिहिलाय ते आधी वाचा. संयुक्त मोजणीला स्वतः हजर रहा. मोसंबीची झाडं, बोअर, ठिबक, गोठा, एकेकाचा फोटो काढा आणि पंचनामा पूर्ण वाचून मगच सही करा. राष्ट्रीय महामार्गाचा मोबदला कमी वाटला तर त्याच कायद्याच्या कलम ३जी(५) (इंग्रजीत 3G(5)) खाली लवादाकडं, म्हणजे वाद सोडवायला सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्याकडं, जाता येतं, पण तिथं हेच कागद कामाला येतात.

पाण्याबद्दल गप्प बसणं

आपली काळी माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळं रस्ता खचतो, साईडपट्टी खाली बसते आणि डांबराची कड वीतभर उंच राहते. मोटारसायकलवाला खाली उतरला की परत वर चढताना आडवा होतो. दुसरं म्हणजे उंच भराव बंधाऱ्यासारखं पाणी अडवतो. सप्टेंबर २०२५ ला धाराशिव-बीडकडं पाणी कुठवर चढलं होतं ते म्हाताऱ्या माणसांना घेऊन इंजिनिअरला जागेवर दाखवा, नळकांड्यांच्या ऐवजी मोठा पूल मागा.

अपघात झाला की स्वतःच गतिरोधक टाकणं

राग येतो, कळतंय. पण मुरमाचा उभा ढिगारा रात्री दिसत नाही, पुढचा बळी त्याच्यावरच जातो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापानं गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असतो, आणि तो पण हायवेवर नाही, गावातून हायवेला मिळणाऱ्या रस्त्यावर टाकून मागायचा.

त्यापेक्षा ती जागा ब्लॅक स्पॉट, म्हणजे वारंवार अपघात होणारी जागा, म्हणून नोंद करून घ्या. साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात ३ वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर जखमेचे ५ अपघात, किंवा १० मृत्यू, असा केंद्राचा निकष आहे. आता इथंच आपलं चुकतं. अपघात झाला की दोन्हीकडची माणसं बसून मिटवून टाकतात, पोलिसात नोंदच नाही. नोंद नाही म्हणजे सरकारच्या लेखी तिथं काही झालंच नाही! मिटवायचं असेल तर नंतर मिटवा, आधी नोंद करा, नेमका किलोमीटरचा दगड सांगून.

उसाच्या ट्रॉल्या

दिवाळीनंतर ऊस वाहतूक सुरू होतीय. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागं लाईट नाही, ऊस बाहेर लोंबतोय आणि रेडियमची पट्टी असली तरी चिखलानं झाकलेली. संध्याकाळी निघताना ओल्या फडक्यानं ती पुसा, अर्धा मिनिट लागतंय. बंद पडली तर पूर्ण साईडला घ्या. टायर बदलायला लावलेले दगड काम झाल्यावर तसेच रस्त्यात टाकून जायलेत लोक, ते उचला हो, मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला अंधारात दगड दिसत नाही. थांबलेल्या गाडीला मागून धडक ही आपल्याकडची फार वाईट गोष्ट आहे. ऑक्टोबर २०२३ ला वैजापूरजवळ समृद्धीवर भाविकांची मिनीबस ट्रकवर मागून आदळली, १२ जण गेले.

समृद्धीवर कारला १२० ची मर्यादा आहे म्हणून १२० नं जायलाच पाहिजे असं नाही. टायर जुने असतील, रात्रभर झोप नसेल तर आधी थांबा, आणि ते पण कडेला नाही, पंपावर.

जखमीला उचलायला घाबरू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ नं मदत करणाऱ्याला संरक्षण आहे, नाव सांगायची सक्ती करता येत नाही. अँब्युलन्सला १०८, राष्ट्रीय महामार्गावर १०३३.

आमच्या फाट्यावर भुयारी मार्ग मिळावा म्हणून आता अर्ज केलाय, सोबत अपघातांच्या नोंदी जोडल्यात, ज्या मिटवल्या गेल्या त्या जोडता आल्या नाहीत. तोवर शाळेच्या टाईमाला आम्ही दोघं-तिघं आळीपाळीनं लाल फडकं घेऊन त्या खाचेपाशी उभं राहतोय.