नांदेडहून बंगळुरूला गाडी आणताय? आधी एनओसीचं बघा

नांदेड-परभणीकडून इकडं नोकरीला येणारी पोरं हटकून विचारतात, "भाऊ, गाडी रेल्वेनं आणू का ट्रकनं?" मी उलट विचारतो, वर्षाच्या वर राहणार का? १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार परराज्यात गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी आपल्या आरटीओची एनओसी, म्हणजे ना-हरकत प्रमाणपत्र, लागते. तिच्या फॉर्म २८ वर चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या नंबरावर कागद धरून पेन्सिल घासून काढलेला ठसा, द्यावा लागतो. मी गाडी आधी पाठवली, फॉर्म नंतर हातात घेतला. गाडी इथं, कागद नांदेडला, आणि रजा टाकून दोन चकरा झाल्या. तुम्ही गाडी दारात उभी असतानाच दोन-तीन कागदांवर प्रिंट काढून ठेवा. कर्ज असेल तर बँकेचं पत्रही घ्या.

बाईकला रेल्वेच बरी. नांदेडहून बंगळुरूला रोज थेट गाडी आहे. तिकीट असेल तर लगेजमध्ये, नाहीतर पार्सलमध्ये बुक होते. पार्सल जागा मिळेल तेव्हा निघतं. आरसी, विमा आणि ओळखपत्राच्या झेरॉक्स न्या. टाकीत थेंबभरही पेट्रोल नको. पॅकिंग करणारे नुसतं गोणपाट गुंडाळतात, तेवढ्यावर सोडू नका. माझा इंडिकेटर तसाच तुटला. आरसे काढून पिशवीत घ्या, हेडलाइट आणि टाकीवर जाड पुठ्ठा समोर उभं राहून बांधून घ्या. गाडी उतरली की लगेच सोडवा, नाहीतर व्हार्फेज, म्हणजे स्टेशनवर पडून राहिल्याचा आकार, लागतो.

कार मात्र मी स्वतः चालवत आणायला सांगतो. कॅरिअरचे, म्हणजे गाड्या वाहून नेणाऱ्या कंपन्यांचे, ट्रेलर मोठ्या शहरांतून भरतात. हिंगोलीच्या एका कारसाठी कोण येणार? देगलूरवरून हैदराबाद गाठायचं, पुढं ४४ नंबरचा हायवे. साडेआठशे किलोमीटरच्या आसपास होतं, कर्नूलला मुक्काम करा. लातूर-धाराशिवकरांना सोलापूर, विजयपूर, होस्पेट, चित्रदुर्ग हा रस्ता सोयीचा. कॅरिअरनंच पाठवायची असेल तर ट्रान्झिट विमा, म्हणजे वाटेतल्या नुकसानीचा विमा, घ्या आणि चारी बाजूंचे फोटो ड्रायव्हरसमोर काढा.

नवी गाडी घ्यायचीच असेल आणि कंपनीची ऑफिसं चार किंवा जास्त राज्यांत असतील, तर २०२१ पासून सुरू झालेली बीएच (भारत) मालिकेची नंबरप्लेट घ्या. बदली झाली तरी नंबर तोच राहतो.

गावाकडून आणलेल्या गाडीचा इथला कर भरल्यावर महाराष्ट्रात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो. त्याची मूळ पावती गावाकडच्या कपाटात ठेवून येऊ नका.