सणाला शेवंती फुलवायची, तर रात्रीची लांबी कशी साधावी

शेवंती, रब्बी ज्वारी, सोयाबीन ही बेळगाव भागातील ओळखीची पिके रात्र लांबू लागली की फुलावर येतात. तंबाखू पिकवणाऱ्या निपाणीपट्ट्यातील वाचकांना कौतुक वाटेल, पण दिवसमानाचा हा प्रभाव गार्नर आणि अॅलर्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी 1920 मध्ये मांडला तो प्रामुख्याने तंबाखूवरूनच. पुढे 1938 मध्ये शंकेश्वर या काटेरी फळांच्या तणावरील प्रयोगांतून स्पष्ट झाले की झाड मोजते ते सलग रात्र; मध्येच थोडा वेळ दिवा लावला तरी फुलणे अडते. पानांतील फायटोक्रोम हे रंगद्रव्य लाल प्रकाश ओळखते, सुमारे 24 तासांचे अंतर्गत घड्याळ वेळेचा हिशेब ठेवते आणि अंधार पुरेसा लांबला की पानात तयार झालेले एक प्रथिन शेंड्याकडे जाऊन कळी धरवते.

बेळगावात जूनअखेरचा दिवस सुमारे 13 तासांचा आणि डिसेंबरचा 11 तासांहून थोडा मोठा असतो. पहाट-सांजेचा संधिप्रकाशही झाडाच्या लेखी दिवसच असल्यामुळे घरची शेवंती गणेशचतुर्थीला सहसा फुलत नाही.

ती फुलवायची असल्यास सणाच्या तारखेपासून 8 ते 10 आठवडे मागे मोजावेत आणि त्या दिवसापासून झाकणे सुरू करावे. तोवर रोप चांगले वाढलेले, शेंडा खुडलेला आणि नवे फुटवे बोटभर झालेले असावेत. कोवळ्या रोपाला घाईने झाकल्यास आखूड दांड्यावर मोजकीच फुले येतात.

कुंड्यांभोवती बांबूचा सांगाडा उभा करून त्यावर जाड काळे कापड दुहेरी टाकावे. भर दिवसा आत डोके घालून वर्तमानपत्र वाचता आले, तर ते कापड कुचकामी समजावे. संध्याकाळी 6 ते सकाळी 8 असा 14 तासांचा अंधार कळ्यांना रंग दिसेपर्यंत रोज द्यावा, त्यात खाडा करू नये. आपल्याकडच्या आषाढातल्या पावसात बंद कापडाखाली दमटपणा साचून पानांवर बुरशीचे ठिपके पडतात, म्हणून कुंड्या पडवीत ठेवाव्यात आणि पूर्ण काळोख झाल्यावर कापड उघडून वारा खेळू द्यावा. मात्र पहाटे 5 च्या आत ते पुन्हा ओढावे. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड पडत असेल, तर ही सवलत घेऊ नये.

उलट फुले संक्रांतीपर्यंत लांबवायची असल्यास ऑगस्टच्या मध्यापासून रोज रात्री 10 ते 2 पिवळसर दिवा लावावा आणि नोव्हेंबरच्या आरंभी बंद करावा. पानांजवळ बारीक अक्षर वाचता येईल एवढा उजेड पुरतो. गुलाबासाठी मात्र यातले काहीच करू नये. त्याच्या बहराला दिवसमानापेक्षा छाटणी आणि खत महत्त्वाचे असते.