कोकणातून ब्लॉग सुरू करताना: जागा कुठली घ्यावी, टेम्प्लेट कुठलं लावावं

दर गणपतीत गावी माणसं जमली की कोणी ना कोणी विचारतंच, "मलाही ब्लॉग लिहायचाय, कुठे काढू?" विचारणाऱ्यांत निवृत्त शिक्षक असतात, आंबा बागायतदार असतात, हर्णै-मुरुडकडे राहण्या-जेवणाची घरगुती सोय करणारी जोडपी असतात, आणि आईच्या हातच्या पदार्थांची कृती कुठेतरी नीट लिहून ठेवावी असं वाटणाऱ्या मुंबईच्या भाच्याही. मी दापोलीत राहते. रानभाज्या, परसबाग आणि किनाऱ्यावरचं खाणंपिणं यांवर बरीच वर्षं ब्लॉग लिहिते आहे आणि अनेकांना ब्लॉग उभा करून दिला आहे. त्या अनुभवातून जे पक्कं कळलं आहे ते इथे सांगते.

आधी एक गोष्ट. आपल्याकडचे बरेचजण फेसबुकवर उत्तम लिहितात, आणि ते लिहिलेलं वाया जातं. टाकळा कसा निवडायचा, भारंगीचा कडूपणा कसा काढायचा हे कोणी जूनमध्ये लिहिलं, तर पुढच्या जूनमध्ये ते शोधून सापडत नाही. गूगलवर तर नाहीच. ज्या माहितीची गरज दरवर्षी त्याच दिवसांत पुन्हा पडते, तिला स्वतःचा कायमचा पत्ता हवा. म्हणून ब्लॉग.

जागा निवडताना मी सगळ्यांना एकच प्रश्न विचारते: उद्या इथून बाहेर पडायचं ठरलं, तर लिहिलेलं सगळं सोबत नेता येईल का? फुकट आहे का, सोपं आहे का, दिसायला छान आहे का, हे नंतर. सेवा बंद होतात, दर वाढतात, नियम बदलतात. आपलं लेखन मात्र आपल्याकडे राहिलं पाहिजे.

या कसोटीवर मला दोनच पर्याय पटतात. पहिला म्हणजे गूगलचं ब्लॉगर, ज्याला आपण ब्लॉगस्पॉट म्हणतो. ते १९९९ मध्ये सुरू झालं, २००३ मध्ये गूगलने घेतलं. फुकट आहे, होस्टिंगची, म्हणजे ब्लॉग ठेवायला इंटरनेटवर जागा भाड्याने घेण्याची, कटकट नाही, आणि स्वतःचं डोमेन, म्हणजे साइटचा आपल्या नावाचा पत्ता, घेतलंत तर तेही जादा पैसे न देता जोडता येतं. सगळ्या नोंदी एका फाइलमध्ये उतरवून घेता येतात आणि ती फाइल वर्डप्रेसमध्ये चढवण्याची सोय आहे. गूगलने त्यात अलीकडे फारसं नवीन काही केलेलं नाही हे खरं, पण लिहिणाऱ्याला रोज नवीन काही लागतही नाही. पाककृती, आठवणी, प्रवास, गावाचा इतिहास, शेतीतले अनुभव यांतलं काहीही लिहिणार असाल तर माझं मत सरळ आहे: ब्लॉगर घ्या, पहिल्याच महिन्यात स्वतःचं डोमेन घ्या आणि लिहायला लागा.

दुसरा पर्याय वर्डप्रेस. इथे नवीन माणसाची गफलत होते, कारण एकाच नावाच्या दोन गोष्टी आहेत. वर्डप्रेस डॉट ऑर्गवर मिळतं ते मोफत सॉफ्टवेअर. ते आपण भाड्याने घेतलेल्या होस्टिंगवर बसवायचं. वर्डप्रेस डॉट कॉम ही सेवा आहे. तिच्या मोफत योजनेत स्वतःचं डोमेन जोडता येत नाही, प्लगइन, म्हणजे जादा सोयींचे जोड, टाकता येत नाहीत आणि आपल्या पानांवर त्यांच्या जाहिराती येतात. ती मोफत योजना मी कुणालाच सुचवत नाही. स्वतःच्या होस्टिंगवरचं वर्डप्रेस तेव्हा घ्यावं, जेव्हा लिहिण्याबरोबर आणखी काही करायचं असेल: आंब्याच्या पेट्यांची ऑर्डर घ्यायची आहे, खोल्यांचं बुकिंग घ्यायचं आहे. मग त्याच्या तोडीचं काही नाही. पण ते सांभाळावं लागतं. अपडेट, बॅकअप, सुरक्षा, सगळं आपल्याच माथी. होस्टिंगच्या जाहिरातीत दिसतो तो बहुतेक वेळा पहिल्या मुदतीचा दर असतो. रिन्यूअलचा दर वेगळा, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. पैसे भरण्याआधी रिन्यूअलचा आकडा शोधून कागदावर लिहून ठेवा. घरात हे सगळं बघणारं कोणी नसेल तर वर्डप्रेसच्या वाटेला जाऊ नका.

माउसने ओढून-सोडून साइट बनवता येते अशा सेवाही आहेत. दिसायला देखण्या. पण त्यांतल्या अनेकांवर बांधलेली साइट उचलून दुसरीकडे नेता येत नाही. माझी कसोटी तिथेच आडवी येते.

डोमेनबद्दल थोडक्यात. नाव छोटं असावं, फोनवर बोलून सांगता यावं. देवनागरीतलं डॉट भारत हे डोमेन २०१४ पासून मिळतं आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे, पण तो पत्ता कॉपी करून पाठवताना अनेकदा न कळणाऱ्या रोमन अक्षरांत बदलतो. म्हणून मुख्य पत्ता रोमन लिपीतलाच ठेवा. आणि डोमेन स्वतःच्याच नावावर, स्वतःच्याच ईमेलवर घ्या. साइट करून देणाऱ्याच्या खात्यावर नको. रिन्यूअलची आठवण त्याला येते आणि अडचण तुम्हाला होते.

आता टेम्प्लेट, म्हणजे ब्लॉगच्या रूपाचा तयार साचा. नवीन माणूस सगळ्यात जास्त वेळ इथे घालवतो, आणि बघायला हव्या त्या गोष्टी सोडून बाकी सगळं बघतो.

टेम्प्लेटचा नमुना, म्हणजे डेमो, इंग्रजीत असतो. त्यातली अक्षरं ज्या फॉन्टमध्ये आहेत, त्या फॉन्टमध्ये बहुतेकदा देवनागरी नसतेच. लाटो, माँटसेराट, प्लेफेअर डिस्प्ले हे टेम्प्लेटवाल्यांचे लाडके फॉन्ट, पण मराठी मजकूर टाकला की ब्राउझर ते बाजूला ठेवतो आणि फोनमधला मिळेल तो देवनागरी फॉन्ट लावतो. मग डेमोत पाहिलेलं रूप आपल्या पानावर उतरत नाही. म्हणून टेम्प्लेट ठरवण्याआधी त्यात मराठी मजकूर घालून पाहायचा. त्यासाठी मी एक परिच्छेद तयार ठेवला आहे, तो जसाच्या तसा घ्या:

"कोऱ्या टोपलीतले हापूस, पायऱ्यांवर वाळत घातलेले बोंबील, ॲल्युमिनियमच्या टोपातली ऊन ऊन पेज, श्रीवर्धनची रोठा सुपारी, विठ्ठलाच्या देवळापुढचा कट्टा, चिठ्ठ्या, गुळाची ढेप आणि मऊसूत फणसपोळी."

यातलं प्रत्येक नाव काहीतरी तपासायला ठेवलं आहे. 'कोऱ्या' आणि 'पायऱ्या' यांतला अर्धा र नीट वळला पाहिजे, मराठीचा तो खास र कच्च्या फॉन्टमध्ये मोडतो. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, २००८ साली आलं, त्यामुळे जुन्या फॉन्टमध्ये त्याजागी चौकोन दिसतो. 'विठ्ठल', 'कट्टा', 'चिठ्ठ्या' ही अक्षरं खाली वाढतात. 'गुळा' आणि 'मऊसूत' यांचे उकार खालच्या ओळीला टेकतात का, कापले जातात का, ते बघा. कापले जात असतील तर ओळींतलं अंतर कमी आहे. इंग्रजी टेम्प्लेटमध्ये हे अंतर अक्षराच्या दीडपटीहून कमी असू शकतं. देवनागरीला मी १.७ पट ठेवते. अक्षराचा आकार १८ पिक्सेलच्या खाली नको. आपले वाचक साठीचे, सत्तरीचे आहेत.

आणखी एक बारीक जागा. शीर्षकांना डौल यावा म्हणून काही टेम्प्लेट अक्षरांमध्ये जागा सोडतात. रोमनला ते शोभतं. देवनागरीत शिरोरेषाच तुटते, आणि 'श्रीवर्धन' हे सुटे तुकडे मांडल्यासारखं दिसतं. सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये, ते अंतर शून्यावर आणलं की काम झालं. तसंच तिरक्या अक्षरांचं. देवनागरी फॉन्टना सहसा स्वतःचं तिरकं वळण नसतं, ब्राउझर सरळ अक्षरच वाकवून दाखवतो. अवतरणं तिरकी दाखवणारं टेम्प्लेट असेल तर ती सरळ करून घ्या.

मराठीतला ल आणि श हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचा असतो. अनेक फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात, पण पानाची भाषा मराठी आहे हे ब्राउझरला सांगितलेलं असेल तरच मराठी वळण उमटतं. वर्डप्रेसमध्ये सेटिंगमधून साइटची भाषा मराठी केली की ही खूण आपोआप जाते. ब्लॉगरमध्ये टेम्प्लेटच्या एचटीएमएलमधली, म्हणजे पानाच्या मूळ कोडमधली, अगदी वरची ओळ उघडून भाषेचा उल्लेख आहे का ते बघावं, नसेल तर घालावा. फार थोडे लोक हे करतात. मला ते महत्त्वाचं वाटतं, कारण आपली लिपी आपल्या वळणाची दिसावी.

फॉन्ट वेगळा लावायचाच असेल तर गूगल फॉन्टवर मोफत आणि चांगले आहेत. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा 'मुक्ता' साधा, स्वच्छ आणि दीर्घ वाचनाला उत्तम. शीर्षकाला त्यांचाच बालू. छापील पुस्तकासारखं रूप हवं असेल तर टिरो देवनागरी मराठी. पण जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल रोमनपेक्षा जड असते. अँड्रॉइड फोनमध्ये देवनागरी फॉन्ट आधीच असतो. काहीच न लावता तोच वापरला तर वाचकाला फॉन्टसाठी एकही केबी उतरवावा लागत नाही. मंडणगड-दापोलीच्या आतल्या वाड्यांमध्ये एका कोपऱ्यात रेंज येते आणि दुसऱ्यात जाते. तिथे हा फरक कळतो.

याच कारणासाठी वर सरकत्या फोटोंची पट्टी असलेलं टेम्प्लेट नको. खाली जाल तसतसं नवं काही येत राहणारंही नको. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० ला किनाऱ्यावर आलं, त्यानंतर आमच्याकडे वीज आणि मोबाइलचे टॉवर बराच काळ धड नव्हते. जिथे कुठे थोडी रेंज यायची तिथे मजकुराची साधी पानं उघडायची, सजवलेली पानं नुसती गोल फिरत राहायची. तेव्हापासून माझ्या ब्लॉगवर एक स्तंभ, वर नाव, खाली मजकूर, एवढंच आहे. साइडबार मोबाइलवर तसाही मजकुराच्या खाली जाऊन पडतो.

फोटोंचा ब्लॉग असेल तर थोडा वेगळा विचार करावा लागतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गातली कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, आणि त्यांच्याबद्दल लिहावंसं वाटणारी तरुण मुलं मला आता भेटतात. त्यांना मी सांगते, टेम्प्लेट मुखपृष्ठावरचे फोटो चौकोनी कापतं का ते आधी बघा. कशेळीचा भलामोठा हत्ती आडव्या फोटोत मावतो. तोच चौकोनात कापला की सोंड एकीकडे जाते, शेपूट दुसरीकडे, आणि पाहणाऱ्याला नुसता खडक दिसतो. फोटो कापत नाही असं टेम्प्लेट घ्या. आणि फोनमधला चार-पाच एमबीचा फोटो तसाच चढवू नका. रुंदी १२०० पिक्सेल केली की तो साधारण दोनशे केबीत बसतो आणि मोबाइलवर उत्तमच दिसतो.

टेम्प्लेट कुठून घ्यायचं? ब्लॉगरमध्ये असलेल्यांपैकी 'सिंपल' किंवा 'कॉन्टेम्पो' पुरतं. वर्डप्रेसमध्ये टेम्प्लेटला थीम म्हणतात, ती त्यांच्या अधिकृत थीमसंग्रहातलीच घ्या. विकत मिळणारी थीम कोणी फुकट देत असेल तर ती लावू नका, अशा फाइलींत नको ते कोड घुसवलेलं असू शकतं. ब्लॉगरसाठी मोफत वाटल्या जाणाऱ्या अनेक टेम्प्लेटांत तळाशी बनवणाऱ्याची लिंक असते. ती काढली की आपला वाचक त्याच्याच साइटवर ढकलला जातो, अशी व्यवस्था मी स्वतः कोडमध्ये पाहिली आहे.

पहिली नोंद प्रकाशित करण्याआधी तिच्या पत्त्याकडे, म्हणजे लिंककडे, लक्ष द्या. मराठी शीर्षक दिलं तर ब्लॉगर त्यातली अक्षरं पत्त्यात घेत नाही, नुसतं 'ब्लॉग-पोस्ट' आणि पुढे आकडा असं काहीतरी बनवतं. वर्डप्रेस अक्षरं घेतं, पण पत्त्याच्या या भागाला जागा २०० अक्षरांची असते आणि देवनागरीचं एकेक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, त्यातली नऊ खातं. 'पावसाळ्यातल्या रानभाज्या' एवढं शीर्षकही पूर्ण मावत नाही. शेवटचा काना गळतो आणि 'रानभाज्य' उरतं. व्हॉट्सॲपवर पाठवलं की टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक ओळ दिसते, आणि ते बघून घरचीच माणसं विचारतात, हे उघडायचं की व्हायरस आहे? दोन्हीकडे पत्ता हाताने लिहिता येतो. रोमन लिपीत तीन-चार छोटे शब्द पुरे. गावाचं नाव एकाच स्पेलिंगने लिहायचं ठरवा आणि तेच कायम ठेवा.

टेम्प्लेट बदलण्याचा मोह सगळ्यांना होतो, आणि बदलायला हरकतही नाही. वेळ तेवढी सांभाळा. राहण्या-जेवणाची सोय असणाऱ्यांनी दिवाळी ते मे, आंबेवाल्यांनी मार्च ते मे साइटला हात लावू नये. जूनमध्ये पाऊस लागला, गिऱ्हाईक ओसरलं की निवांत बसा. आधी नोंदींचा बॅकअप, मग टेम्प्लेटचा बॅकअप, मगच नवं टेम्प्लेट. ब्लॉगरमध्ये हे दोन बॅकअप वेगवेगळ्या जागी आहेत. टेम्प्लेटचा घेतला म्हणजे नोंदींचाही झाला असं होत नाही. दोन्ही फाइली पेन ड्राइव्हवर आणि ईमेलवर ठेवा, आणि लाइट असेपर्यंतच हे काम उरका.