नव्या सेमिस्टरचे विषय कसे निवडावेत: फॉर्म भरण्याआधी करायची कामं

रांगेत पुढे उभ्या असलेल्या मित्राच्या पाठीवर फॉर्म टेकवून विषय भरणारी मुलं मी दरवर्षी पाहतो. ‘ओपन इलेक्टिव्हला काय टाकलंस?’ ‘तू काय टाकलंस?’ ‘मी अजून कोरंच ठेवलंय, तू टाकशील ते टाकतो.’ दोन मिनिटांत सहा महिन्यांचं ठरून जातं. मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी कॉलेजात शिकवतो आणि प्रवेशाच्या दिवसांत विषय निवडीच्या टेबलावर बसतो. आमच्याकडच्या कितीतरी मुलामुलींच्या घरात कॉलेजची पायरी चढलेलं ते पहिलंच माणूस असतं. घरी विचारावं तर वडील म्हणतात, ‘तुला कळतंय तसं कर.’ अशा मुलांसाठी मुख्यतः हे लिहितोय.

पूर्वी बी.ए.ला तीन ऐच्छिक विषय घेतले की तीन वर्षं बघायला नको, असं होतं. २०२४-२५ पासून संलग्न कॉलेजांतही पदवीला नवं शैक्षणिक धोरण लागू झालं आणि दर सेमिस्टरला निवड करायची वेळ आली. फॉर्मवर मेजर (मुख्य विषय), मायनर (त्याच्या जोडीचा दुय्यम विषय), ओपन इलेक्टिव्ह, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी (मूल्यशिक्षण), आयकेएस (भारतीय ज्ञान प्रणाली), सीसी अशी अक्षरांची माळच दिसते. घाबरू नका. यातलं निम्मं कॉलेजनं आधीच ठरवलेलं असतं. तुमच्या हातात तीन-चार गोष्टी असतात आणि जपून निवडायच्या त्या तेवढ्याच.

आधी आपल्याच विद्यापीठाचा आराखडा मिळवा

छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव या चार जिल्ह्यांतली कॉलेजं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडे आहेत. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली ही स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडे. दोन्हींचे अभ्यासक्रम वेगळे, विषयांचे कोड वेगळे. अहमदपूरच्या मुलानं अंबाजोगाईच्या आतेभावाचा फॉर्म बघून आपला भरला तर चुकणारच. यूट्यूबवरचा पुण्या-मुंबईचा व्हिडिओ तर आपल्या उपयोगाचा नाहीच. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून आपल्या शाखेचा, आपल्या वर्षाचा अभ्यासक्रम उतरवून घ्या. त्यात सुरुवातीलाच सेमिस्टरनिहाय तक्ता असतो. झेरॉक्सच्या दुकानात त्या दोन-तीन पानांची प्रिंट काढा आणि पुढचं सगळं पेन हातात घेऊन करा. मोबाइलवर बोटानं सरकवत केलं की एखादी ओळ हमखास सुटते.

मग क्रेडिट मोजा, आणि तासही

क्रेडिट म्हणजे विषयाचं वजन मोजायचं एकक. एका सेमिस्टरला २० ते २२ क्रेडिट असतात. तीन वर्षांच्या पदवीला एकूण १२० ते १३२. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे सेमिस्टरभरात १५ तास, प्रॅक्टिकलचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास. हा फरक फार कमी मुलं ध्यानात घेतात. समजा तुमची २२ क्रेडिट आहेत आणि त्यातली ६ प्रॅक्टिकलची. १५ आठवड्यांचं सेमिस्टर धरलं तर आठवड्याला थिअरीचे १६ तास आणि प्रॅक्टिकलचे १२, म्हणजे २८ तास झाले. तुमच्या मैत्रिणीनं सगळी थिअरी घेतली तर तिचे २२. क्रेडिट सारखीच, पण तुमचा एक अख्खा दिवस जास्त गेला. जो मुलगा दुपारनंतर मेडिकलवर कामाला जातो किंवा ज्या मुलीला घरी जाऊन चारा-पाणी बघायचं असतं, त्यांच्यासाठी हा हिशेब फार महत्त्वाचा आहे. प्रॅक्टिकलचा विषय टाळा असं मी म्हणत नाही, हातानं शिकलेलं टिकतं. पण घेताना माहीत असावं.

सगळ्यात जास्त वेळ मायनरला द्या

बाकीचे छोटे विषय दोन-दोन क्रेडिटचे. एखादा फसला तर सहा महिन्यांत सुटका होते. मायनर तसा नाही. तीन वर्षांत त्याची १८ ते २० क्रेडिट होतात आणि तो गुणपत्रिकेवर, पुढच्या प्रवेशाच्या अर्जांवर तुमच्या नावाबरोबर राहतो. बऱ्याच ठिकाणी पहिल्या वर्षी दोन-तीन विषय बरोबरीनं शिकवतात आणि दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला त्यातला मेजर कोणता, मायनर कोणता हे लिहून द्यावं लागतं. तिथे घाई करू नका.

एका वर्षी एक मुलगी टेबलासमोर बराच वेळ नुसती उभी होती. मेजर इतिहास ठरला होता. मायनरला राज्यशास्त्र की भूगोल, यावर अडलं होतं. ‘सगळ्या राज्यशास्त्र घेतायत, सोपं आहे म्हणतात.’ मी विचारलं, वर्षभरात कोणती वही जास्त भरली? तिनं पिशवीतून भूगोलाचं जर्नल काढलं. समोच्च रेषा आधी पेन्सिलीनं काढून मग तपकिरी शाईनं गिरवलेल्या, कुठेही खाडाखोड नाही, मापपट्टीखाली स्वतःच्या गावाच्या शिवाराचा जास्तीचा एक नकाशा. तो कुणी सांगितला नव्हता, तिनं काढला होता. तिनं भूगोल घेतला. अवघड जातंय म्हणते, पण जर्नल अजून तसंच असतं.

‘सोपा विषय’ नावाची गोष्ट मला तरी कुठे दिसलेली नाही. ज्याची वही आपोआप भरते तो आपला विषय, एवढंच ओळखता येतं. त्याच्या जोडीला पुढचं बघा. बी.एड. करून शिक्षक व्हायचं असेल तर शाळेत शिकवला जाणारा विषय पदवीला असणं उपयोगी पडतं, कारण तिथे अध्यापन पद्धतीचे विषय तुमच्या पदवीच्या विषयांवरून ठरतात. एम.ए., एम.एस्सी. मेजर विषयात करता येतंच. मायनरमध्ये करायचं मनात असेल तर आपल्या विद्यापीठाचा पात्रतेचा नियम आत्ताच वाचा, तिसऱ्या वर्षी नको. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे आणि तिच्यात एका वैकल्पिक विषयाचे दोन पेपर मिळून ५०० गुणांचे असतात. तोच विषय मेजर किंवा मायनर असला तर अभ्यास दुप्पट करावा लागत नाही. मात्र केवळ एमपीएससीसाठी नावडता विषय तीन वर्षं ओढू नका. परीक्षा देणारे लाखांनी असतात, जागा शेकड्यांत निघतात.

ओपन इलेक्टिव्ह आणि कौशल्याचे विषय

ओपन इलेक्टिव्ह आपल्या मेजरच्या विद्याशाखेबाहेरचा असावा लागतो. कला शाखेच्या मुलाला वाणिज्य किंवा विज्ञानातला विषय घेता येतो, विज्ञानाच्या मुलीला साहित्य किंवा इतिहास. ही सोय पूर्वी नव्हती, आणि मुलं ती वाया घालवतात याचं मला खरोखर वाईट वाटतं. बी.ए.च्या मुलानं जमाखर्च, जीएसटी, बँकेचे व्यवहार यातलं काही शिकलं तर गावातल्या कृषी सेवा केंद्रापासून पतसंस्थेपर्यंत कुठेही ते कामाला येतं. बी.एस्सी.च्या मुलीनं मराठीतून नीट अर्ज, अहवाल लिहायला शिकलं तर आयुष्यभर पुरतं.

व्हीएससी म्हणजे मेजरशी जोडलेलं व्यावसायिक कौशल्य, एसईसी म्हणजे सर्वसाधारण कौशल्य. इथे एक गोष्ट मनापासून सांगतो. तुमच्या कॉलेजात मोडी लिपीचा विषय उपलब्ध असेल तर त्याकडे ‘जुनाट’ म्हणून पाठ फिरवू नका. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. आपल्या भागातली जुनी महसुली कागदपत्रं मोडीत आणि उर्दूत आहेत. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी निजामकाळातली दप्तरं बाहेर काढावी लागली, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणारी माणसं शोधताना प्रशासनाची दमछाक झाली. वाटणीच्या, वारसाच्या, जमिनीच्या वादात जुना कागद वाचून घ्यायला लोक आजही जाणकार शोधत फिरतात.

कौशल्याचा विषय निवडताना पुढच्या प्रशिक्षणाचाही विचार करा. पदवीत ऑन जॉब ट्रेनिंगची ४ क्रेडिट असतात, म्हणजे साधारण १२० तास प्रत्यक्ष कामाच्या जागी. ती जागा तुमच्या आवाक्यात हवी. जालन्यात पोलाद आणि बियाण्यांच्या कंपन्या आहेत, संभाजीनगरला वाळूज-शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहती, लातूरला डाळ मिल, वसमतला हळदीचा बाजार. ज्या कौशल्याला तुमच्या जिल्ह्यात कुठेतरी दार आहे, तेच आधी धरा. पुण्यात राहून १२० तास पूर्ण करायचे म्हटलं की खोलीभाडं आणि मेस घरच्यांच्या माथी बसते.

एईसी म्हणजे भाषा, सीसी म्हणजे एनएसएस, एनसीसी, खेळ, योग. यावर फार डोकं खाजवू नका. ज्याला सकाळी मैदानावर जायचंय त्यानं खेळ घ्यावा, सात दिवसांच्या शिबिराला घरून परवानगी मिळणार असेल तर एनएसएस घ्यावं.

टाइमटेबलशेजारी एसटीची वेळ लिहा

एका मुलानं संगणकाचा विषय घेतला. चांगला निर्णय होता. प्रॅक्टिकलची बॅच साडेतीनला सुरू व्हायची आणि त्याच्या वाडीची शेवटची थेट गाडी पावणेपाचला. तो रोज चार वाजून वीस मिनिटांनी खुर्ची मागे सरकवून हळूच उठायचा. दोन महिन्यांनी हजेरी भरेना म्हणून बोलावलं, तेव्हा कुठे कारण कळलं. पहिल्या आठवड्यात साधा अर्ज दिला असता तर आधीच्या बॅचमध्ये त्याचं नाव सहज बसलं असतं. तोवर बॅचच्या याद्या पक्क्या झाल्या होत्या.

म्हणून विषय नक्की करण्याआधी विभागात जाऊन विचारा, हा तास कधी असतो, प्रॅक्टिकल किती वाजता संपतं. आपल्या गावच्या गाडीची वेळ शेजारी लिहा. दोन विषयांचे तास एकमेकांवर येत असतील तर तेही तेव्हाच दिसतं. मुलींनी तर हे जरूर करावं. उशीर व्हायला लागला की घरून कॉलेज बंद करण्याच्या गोष्टी सुरू होतात, आणि एका तासापायी शिक्षण सुटलेलं मी पाहिलं आहे.

विषय शिकवणारं कुणी आहे का, हे विचारा

हा प्रश्न विचारायला मुलं लाजतात. लाजू नका. अनेक विषय तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक शिकवतात आणि त्यांच्या नेमणुका कधी कधी सेमिस्टर निम्मं सरल्यावर होतात. दोष त्यांचा नसतो. ते तुटपुंज्या मानधनावर, बऱ्याचदा दुसऱ्या गावाहून येऊन मन लावून शिकवतात. पण यादीत छापलेला विषय वर्गात शिकवला जाईलच असं नाही. मी स्वतः बी.ए.ला असताना रूम पार्टनरनं घेतला म्हणून एक विषय घेतला. वर्षभर त्याला शिक्षकच मिळाले नाहीत. गाइड पाठ करून पास झालो, आणि त्या विषयातलं मला आजही काही येत नाही. याची हळहळ अजून जात नाही.

वरच्या वर्गातल्या दोघा-तिघांना गाठा. विषय कसा आहे असं मोघम विचारलं तर ‘चांगलाय’ एवढंच उत्तर मिळेल. नेमकं विचारा: तास किती झाले, अंतर्गत गुण कशावर दिले, पुस्तक मराठीतून मिळतं का, ग्रंथालयात त्याच्या प्रती किती आहेत. मागच्या परीक्षेचा पेपर मागून घ्या आणि वाचा. पेपर वाचताना कंटाळा आला की कुतूहल वाटलं, हे तुमचं तुम्हाला कळेल.

कॉलेजात नसलेला विषय स्वयम या सरकारी पोर्टलवरून करता येतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२१ च्या नियमानुसार एका सेमिस्टरमधली ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट तिथून घेता येतात. पण नाव नोंदवण्याआधी कॉलेजची लेखी परवानगी घ्या, नाहीतर प्रमाणपत्र हातात येईल आणि क्रेडिट येणार नाहीत. परीक्षेची नोंदणी आणि फी वेगळी असते, तिची तारीख चुकवू नका.

फॉर्म भरल्यावरचं काम

विषयाचं नाव आणि कोड दोन्ही तपासा. सारख्या नावाचे दोन विषय असतात आणि नेट कॅफेवाला गर्दीत पहिला दिसेल तो टिचकवतो. पावतीचा फोटो काढून ठेवा. अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स म्हणजे तुमची क्रेडिट जमा होणारं ऑनलाइन खातं. त्याचा क्रमांक डिजिलॉकर या सरकारी अ‍ॅपमधून काढावा लागतो, त्यासाठी आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू हवा. आपल्याकडे आणखी एक अडचण हमखास येते. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, आधारवर नाव आधी, आणि कुठेतरी वडिलांच्या नावाला ‘राव’ जोडलेलं असतं. नाव जुळत नसेल तर आत्ता दुरुस्त करा. निकालाच्या वेळी ही दुरुस्ती करायला कुणालाच सवड नसते.

वर्ग सुरू झाल्यावर पहिले सात-आठ दिवस प्रत्येक विषयाला बसा. नाहीच जमलं तर विषय बदलता येतो, पण मुदतीत. अर्ज दोन प्रतींत द्यायचा आणि एका प्रतीवर शिक्का मारून पोच घ्यायची. ‘सरांना तोंडी सांगितलं होतं’ हे पुढे कुणी ऐकून घेत नाही. परीक्षेचा फॉर्म निघाला की त्यावर तुम्ही बसता तोच विषय आलाय का, हे पुन्हा बघा. सेमिस्टरभर एका विषयाला बसून हॉल तिकिटावर दुसराच आलेला मुलगा परीक्षेच्या सकाळी माझ्यासमोर रडलाय.

आणि कुणाला मध्येच शिक्षण थांबवायची वेळ येणार असेल, दसऱ्यानंतर घरचं बिऱ्हाड ऊसतोडीला निघणार असेल किंवा घरी दुखणं असेल, तर गप्प बसून नाव कमी होऊ देऊ नका. आधी येऊन सांगा. मिळवलेली क्रेडिट सात वर्षांपर्यंत जमा राहतात. वर्ष पूर्ण करून जादा ४ क्रेडिटचा कौशल्याचा अभ्यास केला तर प्रमाणपत्र घेऊन थांबता येतं आणि नंतर पुढच्या वर्षाला परत येता येतं. म्हणून निदान दुसरं सेमिस्टर पुरं होईल असे विषय घ्या, प्रॅक्टिकलचा भार पहिल्या काही आठवड्यांत उरकता येईल का ते विभागात विचारा, आणि जाताना आपला नंबर वर्गशिक्षकांकडे लिहून द्या. फॉर्मची तारीख जवळ आली की आम्ही फोन करतो.