गोव्यातल्या गाड्यांच्या शोरूमचं सोशल मीडिया : या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

पहिले पंधरा दिवस एकही पोस्ट करू नका. टेलिकॉलरच्या शेजारी खुर्ची टाकून बसा, वही घ्या आणि गिऱ्हाईक फोनवर काय विचारतं ते त्याच्याच शब्दांत लिहून काढा. ऑन-रोड कितीला पडेल, वेटिंग किती, जुन्या गाडीचे किती धराल, हप्ता किती बसेल. फिरून फिरून हेच चार प्रश्न येतील आणि पुढच्या सहा महिन्यांच्या पोस्ट त्यातूनच निघतील. शोरूमच्या पानावर नुसत्या शुभेच्छांचे फोटो आणि कंपनीने पाठवलेली तयार डिझाइनं टाकली, तर यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर गिऱ्हाइकाला मिळत नाही.

ऑन-रोड किंमत कशी बनते ते तोंडपाठ हवं. एक्स-शोरूम किंमत, त्यावर रोड टॅक्स, नोंदणी, विमा, फास्टॅग. गाडी १० लाखांच्या वर गेली की १ टक्का टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने गिऱ्हाइकाकडून गोळा करायचा कर, जो पुढे आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो. नव्या गाडीला थर्ड पार्टी विमा ३ वर्षांचा सक्तीचा आहे, म्हणून विम्याचा आकडा गिऱ्हाइकाच्या अंदाजापेक्षा मोठा दिसतो. हे एका साध्या व्हिडिओत कागदावर बोट ठेवून समजावून सांगितलं, तर सेल्सवाल्यांचा निम्मा वेळ वाचतो. किंमत लिहिताना ती एक्स-शोरूम की ऑन-रोड, कोणत्या व्हेरिएंटची आणि कोणत्या तारखेपर्यंतची, हे त्याच ओळीत यायला हवं. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्के झाला आणि मोठ्या गाड्यांवरचा ४० टक्के. इलेक्ट्रिक गाड्यांचा ५ टक्केच राहिला. त्याआधीच्या किमतींच्या पोस्ट अजून पानावर असतील तर आजच काढा. जुना स्क्रीनशॉट दाखवून "तुमच्याच पेजवर असं लिहिलंय" म्हणणाऱ्याशी वाद घालता येत नाही, कारण तो खरंच बोलत असतो.

गोव्यासाठी फेसबुक-इन्स्टाग्रामवर जाहिरात लावताना सगळ्यात जास्त पैसा वाया जातो तो नकाशावर. पणजीत टाचणी टोचून ५० किलोमीटरचं वर्तुळ काढलं की बांदा, दोडामार्ग, सावंतवाडी आत येतात आणि आपलंच काणकोण बाहेर राहतं. सिंधुदुर्गातल्या माणसाला गाडी एमएच नंबरची हवी असते, तिथला रोड टॅक्स वेगळा, आणि बहुतेक कंपन्या डीलरला हद्द आखून देतात. त्यामुळे ती लीड, म्हणजे जाहिरातीतून आलेली चौकशी, फोनवरच संपते. वर्तुळ काढूच नका. राज्य म्हणून गोवा निवडा, किंवा शोरूम म्हापशाला असेल तर म्हापसा, पेडणे, डिचोली अशी गावं वेगवेगळी घाला.

दुसरी गळती पर्यटकांची. मेटाच्या (फेसबुक-इन्स्टाग्रामची मालक कंपनी) हिशेबात एखाद्या ठिकाणचे लोक म्हणजे तिथे राहणारे आणि नुकतेच तिथे येऊन गेलेले, असे दोन्ही. ऑक्टोबर ते मार्च या काळात तुमची जाहिरात कळंगुटच्या हॉटेलात बसलेल्या पाहुण्यालाही दिसते आणि व्हॉट्सअ‍ॅपवर "सेल्फ ड्राइव्ह पर डे कितना?" असे मेसेज पडायला लागतात. जाहिरातीच्या पहिल्याच ओळीत "नवीन गाडी विक्री" लिहा. मजकूर मराठीत किंवा कोकणीत ठेवा, निम्मी गाळणी तिथेच होते. जाहिरातीतल्या चौकशीच्या फॉर्ममध्ये पिनकोड विचारा. गोव्याचे पिनकोड ४०३ ने सुरू होतात, बाकीच्या लीड वेगळ्या काढायला अर्धा मिनिट पुरतं.

गोवा ३,७०२ चौरस किलोमीटरचा. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १४.५८ लाख होती. त्यातून गाडी घेण्याच्या वयाचे, ऐपतीचे आणि या वर्षी खरंच घेणारे वेगळे काढले तर उरतात थोडेच. मुंबई-पुण्यात जी जाहिरात दोन महिने चालते, ती इथे दोन-तीन आठवड्यांत शिळी होते. फ्रीक्वेन्सीचा, म्हणजे एका माणसाला जाहिरात सरासरी किती वेळा दिसली त्याचा, रकाना रोज बघा. तोच माणूस तीच जाहिरात पाच-सहा वेळा बघून पुढे गेला असेल, तर सातव्यांदा तो फक्त वैतागणार. बजेट न वाढवता व्हिडिओ बदला. म्हणूनच इथे एका महागड्या फिल्मपेक्षा महिन्याला आठ-दहा साधे, वेगवेगळे व्हिडिओ जास्त कामाला येतात.

हे व्हिडिओ कशाचे करायचे? गोव्यातल्या माणसाला गाडी कुठे अडचणीची ठरते, तिथे जा. वाड्यावरची वाट, दोन्ही बाजूला चिऱ्याचे गडगे आणि मधून जेमतेम एक गाडी जाईल एवढी जागा. तिथे मागचा कॅमेरा लावून गाडी रिव्हर्स घेऊन दाखवा. फेरीबोटीच्या रॅम्पवर चढताना पुढचा बंपर घासतो का, हा दिवाडी आणि चोडणच्या लोकांचा रोजचा प्रश्न आहे. कंपनीच्या पत्रकातला ग्राउंड क्लिअरन्सचा आकडा त्यांना काही सांगत नाही. रॅम्पच्या उंचीला कॅमेरा धरून काढलेला वीस सेकंदांचा व्हिडिओ सांगतो. डिकीत किती लिटर मावतात हे सांगू नका. घरगुती गॅसचा सिलिंडर, दोन बाजाराच्या पिशव्या आणि नारळाचं एक पोतं ठेवून झाकण लावून दाखवा. एसीचा व्हिडिओ मे महिन्यात, दुपारी, उन्हात तापलेल्या गाडीत करा. खारी हवा आणि चार महिने पाऊस, म्हणून अंडरबॉडी कोटिंगचा व्हिडिओ वर्कशॉपमध्ये गाडी लिफ्टवर घेऊन, खालून.

शूटिंगआधी गाडी धुऊन पुसा, पण डॅशबोर्डवर पॉलिश मारू नका. काचेत त्याचं प्रतिबिंब पडतं आणि आतलं काही दिसत नाही. काळ्या रंगाची गाडी भर उन्हात घेऊ नका. फोन उभा, माप १०८० बाय १९२०. रीलवर वरचा साधारण १४ टक्के आणि खालचा ३५ टक्के भाग मोकळा सोडा, कारण तिथे इन्स्टाग्रामची नावं आणि बटणं येतात. किंमत नेमकी तिथेच लिहिली जाते आणि मग कुणाला दिसतच नाही. लोक आवाज बंद ठेवून बघतात, म्हणून बोललेलं सगळं पडद्यावर लिहूनही यायला हवं.

समुद्रकिनाऱ्यावर वाळूत गाडी नेऊन रील काढायचा मोह प्रत्येक नव्या मुलाला होतो. करू नका. वाळूत गाडी घातल्याबद्दल गोवा पोलिसांनी अनेकांवर गुन्हे नोंदवले आहेत आणि रील हाच मग पुरावा होतो. चालत्या गाडीत पुढे-मागे सगळ्यांचा सीटबेल्ट लावलेला दिसला पाहिजे. ड्रोन उडवायचा असेल तर तो कुठे उडवता येतो हे दाखवणारा सरकारचा डिजिटल स्कायचा नकाशा आधी बघा. दाबोळी हा नौदलाचा तळ आहे आणि मोपालाही विमानतळ आहे. पैसे किंवा फुकट सर्व्हिसिंग देऊन कुणा इन्फ्लुएन्सरकडून व्हिडिओ करून घेतलात, तर ती जाहिरात आहे हे व्हिडिओवर स्पष्ट लिहिलेलं हवं.

भाषेचं इथे एकच गणित चालत नाही. डिचोली, सत्तरी, पेडणे, फोंडा या भागांत मराठी मजकूर चांगला चालतो. साष्टीत रोमी (रोमन लिपीतली) कोकणी आणि इंग्रजी. वास्कोत हिंदी लागते, आणि तिथे नौदलातला गिऱ्हाईक सैन्याच्या सीएसडी कँटीनचा भाव आणि बीएच (देशभर चालणारा) नंबर याबद्दल हमखास विचारतो, तर त्यावर एक वेगळी पोस्ट तयार ठेवा. कोकणीचं भाषांतर मशीनकडून करून घेऊ नका. शोरूममधल्या ज्या सेल्समनची बोली त्या तालुक्यातली आहे, त्याला कॅमेऱ्यासमोर उभा करा. तो अडखळला तरी चालेल.

आता पैसा. एका अ‍ॅड सेटला (एकाच बजेटवर, एकाच प्रकारच्या लोकांना दाखवायच्या जाहिरातींचा गट) आठवड्यात सुमारे ५० लीड मिळाल्या की मेटाची यंत्रणा माणसं नीट ओळखायला लागते. समजा एक लीड १५० रुपयांना पडते. म्हणजे एका सेटला आठवड्याला ७,५०० रुपये लागले. तुमच्याकडे आठवड्याचे १०,००० असतील आणि तुम्ही पाच मॉडेलचे पाच सेट केलेत, तर पाचही अर्धपोटी राहतात आणि एकही धड चालत नाही. एक सेट करा, त्यात तीन-चार व्हिडिओ घाला. बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो तो बजेट मागतानाच धरा, आणि जाहिरात खात्यात डीलरशिपचा जीएसटी नंबर घाला म्हणजे इनपुट क्रेडिट मिळतं, हा जीएसटी डीलरशिपला आपल्या जीएसटीतून वळता करता येतो. कंपनी जाहिरातीच्या खर्चातला वाटा उचलत असेल तर डिझाइन आधी मंजूर करून घ्यावं लागतं. मंजुरीचा ईमेल आणि बिल जपून ठेवा. एक कागद कमी पडला की परतावा अडकतो.

फॉर्म 'हायर इंटेंट' प्रकारचा निवडा. साध्या फॉर्ममध्ये प्रोफाइलवरचा जुना फोन नंबर आपोआप भरला जातो आणि माणूस न बघता बटण दाबतो. हायर इंटेंटमध्ये त्याला पुन्हा एकदा सगळं तपासायला लागतं. लीड कमी येतील, मॅनेजर कुरकुर करील, पण फोन लागेल. प्रश्न चारच ठेवा : कोणतं मॉडेल, पिनकोड, कधी घ्यायची, एक्स्चेंजला गाडी आहे का. या लीड मेटावर ९० दिवसच उतरवून घेता येतात, म्हणून रोज संध्याकाळी शीटमध्ये घ्या किंवा सीआरएमला (गिऱ्हाइकांच्या नोंदींचं सॉफ्टवेअर) जोडा.

खरी हार-जीत यानंतर होते. माणसाने फॉर्म भरला त्या क्षणी तो फोन हातात धरून बसलेला असतो. दहा मिनिटांत त्याच्यापर्यंत पोचलात तर तो बोलतो. दुसऱ्या दिवशी त्याला आपण फॉर्म भरला होता हेही आठवत नाही, आणि तोवर दुसऱ्या शोरूमने टेस्ट ड्राइव्ह घरी नेलेली असते. आधी व्हॉट्सअ‍ॅपवर नाव, शोरूम आणि मॉडेल सांगणारी दोन ओळींची ओळख पाठवा, मग फोन करा. अनोळखी नंबर आता कुणी उचलत नाही. दुपारी एक ते चार कुणालाही फोन करू नका. गोव्यात ती जेवणाची आणि आडवं होण्याची वेळ आहे, आणि त्या वेळी फोन करणाऱ्याचा फोन दुसऱ्यांदा कुणी घेत नाही. रात्री आलेल्या लीडला सकाळी साडेनऊला पहिला फोन. हे काम तुमचं नाही, टेलिकॉलरचं आहे, असं कुणी सांगितलं तरी तुम्हीच लक्ष ठेवा, कारण महिन्याच्या शेवटी "ऑनलाइनच्या लीड फालतू असतात" हे तुम्हालाच ऐकावं लागतं.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसच्या एपीआयवर (सॉफ्टवेअरमधून मेसेज पाठवायची सोय) गिऱ्हाइकाच्या शेवटच्या मेसेजपासून २४ तास मोकळेपणी लिहिता येतं; पुढे आधी मंजूर करून घेतलेला ठरावीक मजकूर, म्हणजे टेम्प्लेटच पाठवावं लागतं. साध्या अ‍ॅपवरच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ नंबर बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज जातो. म्हणून टेस्ट ड्राइव्हच्या वेळीच नंबर सेव्ह करायला सांगा.

कमेंटमध्ये "प्राइस?" विचारलं की "इनबॉक्स केलंय" लिहू नका, आकडा तिथेच द्या. विक्रीच्या जाहिरातीखाली सर्व्हिसची तक्रार येणारच. ती पुसू नका. "जॉब कार्ड नंबर इनबॉक्समध्ये पाठवा, आज पाचपर्यंत सर्व्हिस मॅनेजर फोन करतील" असं लिहा आणि पाचच्या आत खरंच फोन होईल असं बघा. गोव्यात त्या माणसाला ओळखणारं कुणीतरी ती कमेंट वाचतच असतं.

वर्षाचं गणित सणांवर चालतं, पण पितृपक्षात जाहिरात बंद करणं ही दरवर्षी होणारी चूक. त्या पंधरवड्यात लोक गाडी घरी आणत नाहीत एवढंच. चवथीला घरी जमलेल्या नातेवाइकांशी बोलणी झालेली असतात, आता मॉडेल ताडून बघणं, टेस्ट ड्राइव्ह, कर्जाची कागदपत्रं याच दिवसांत होतात. दसऱ्याची डिलिव्हरी हवी असेल तर अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी जाहिरात सुरू झालेली हवी. डिसेंबरात "साल बदलू दे" म्हणून थांबणारे असतात. त्यांना सूट आणि एक वर्ष जुनी ठरल्याने पुढे विकताना पडणारा फरक, दोन्ही आकडे सरळ मांडून दाखवा.

डिलिव्हरीचा फोटो सगळ्यात जास्त बघितला जातो : हार घातलेली गाडी, चाकाखाली लिंबू, शेजारी घरचे सगळे. लेखी होकार घेतल्याशिवाय टाकू नका आणि नंबरप्लेट झाका. लहान मुलांचे चेहरे असतील तर पालकांना वेगळं विचारा.

पान, इन्स्टाग्राम आणि जाहिरात खातं मेटावरच्या डीलरशिपच्या स्वतःच्या बिझनेस पोर्टफोलिओत (सगळी खाती एकत्र सांभाळायची जागा) आहे का, हे पहिल्याच आठवड्यात तपासा. एजन्सीला 'पार्टनर' म्हणून प्रवेश द्या, मालकी देऊ नका. दोन माणसांकडे पूर्ण अधिकार, दोघांच्याही फोनवर टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डनंतर फोनवरचा कोडही लागेल. नोकरी सोडून गेलेल्याच्या खासगी खात्यावर पान अडकलं तर ते सोडवायला आठवडे जातात.

मालकाला लाइक दाखवू नका. दर सोमवारी एकच शीट : किती लीड, किती फोन लागले, किती टेस्ट ड्राइव्ह, किती बुकिंग, किती डिलिव्हरी, आणि शेवटी एका बुकिंगला किती खर्च. गळती कुठे आहे ते त्यातच दिसतं. फोन लागत नसतील तर फॉर्म बिघडलाय, टेस्ट ड्राइव्ह होत नसतील तर टेलिकॉलिंग, बुकिंग होत नसेल तर भाव किंवा वेटिंग.

अनुभव नसताना ही नोकरी मिळवायची असेल तर जुन्या गाड्यांच्या एखाद्या यार्डापासून सुरुवात करा. तिथे महिन्याला दोन-तीन हजारांचं बजेटसुद्धा हातात देतात. पाच गाड्या निवडा आणि प्रत्येकीचं सगळं उघड लिहा : किती मालक, आरसी, विमा कधी संपतो, टायर किती झिजलेत, कर्ज असेल तर बँकेचं एनओसी. गाडी आधी भाड्याने फिरत होती का, हे गोव्यात आवर्जून सांगायचं. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं होती तर तसं लिहा, किंमत त्या हिशेबाने लावा. तीस दिवसांत किती फोन आले आणि किती गाड्या गेल्या याचा एक पानाचा हिशेब, सोबत ते पाच व्हिडिओ, हे घेऊन शोरूममध्ये जा.