हतनूरच्या होडीवर बॅटरी बसवताना: आधी रात्रीचा हिशेब, मग खरेदी

सावद्याला माझं ऑटो इलेक्ट्रिकचं काम आहे. ट्रॅक्टर, रिक्षा, फवारणीचे पंप रोजचेच. पण हतनूर धरण जवळ असल्याने जाळी लावणारे भाऊही दुकानात येतात. हातात नवा फिश फाइंडर (पाण्याखालचा तळ आणि मासे स्क्रीनवर दाखवणारं यंत्र) असतो, घरी एलईडी दिवा असतो, आणि पहिला प्रश्न असतो, "कोणती बॅटरी घेऊ?" मी आधी रात्रीचा हिशेब मागतो.

हिशेब असा. प्रत्येक वस्तूवर वॅट किंवा अँपिअर छापलेले असतात. बॅटरी १२ व्होल्टची, म्हणून वॅटला १२ ने भागलं की अँपिअर मिळतात, आणि त्याला तासांनी गुणलं की बॅटरीतून किती अँपिअर-तास जाणार ते कळतं. माझ्या मेहुण्यांची होडी घ्या. ५ वॅटचा दिवा म्हणजे साधारण ०.४ अँपिअर, दहा तासांचे झाले ४. लहान स्क्रीनचा फिश फाइंडर अर्ध्या अँपिअरच्या आसपास खातो, पण तो रात्रभर लागत नाही. जाळं टाकताना बुडालेली झाडं नि गाळाचे उंचवटे दिसावेत एवढंच त्याचं काम, म्हणजे तीन तास, दीड अँपिअर-तास. मोबाइल चार्जिंगचे २ धरा. एकूण साडेसात.

साधी सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. म्हणून साडेसातला दुप्पट करा, १५. बाजारात त्याच्या वरचा आकार १८ अँपिअर-तासांचा मिळतो, वजन पाच-सहा किलो. लिथियम आयर्न फॉस्फेट ८० टक्क्यांपर्यंत बिनधास्त वापरता येते, त्यामुळे १२ अँपिअर-तासांची पुरते आणि तिचं वजन जेमतेम दीड किलो. ती महाग पडते, पण रोज रात्री जाणाऱ्याला मी तीच घ्यायला सांगतो. घेताना आत बीएमएस, म्हणजे बॅटरीला सांभाळणारं आणि गरज पडल्यास लाइन तोडणारं सर्किट, आहे का ते विचारून घ्या.

कपाशीच्या फवारणी पंपातली बॅटरी काढून नेणारे आपल्याकडे बरेच आहेत. ती बहुतेक वेळा १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासांची असते. तिचे निम्मे म्हणजे ४, म्हणजे फक्त दिवा. त्यावर फाइंडर आणि मोबाइलही लावला की पहाटे, नेमकं जाळं ओढायच्या वेळी, अंधार होतो.

आता ऊन. बॅटरीबद्दलची बहुतेक माहिती समुद्रावरच्या होड्यांसाठी असते आणि तिचा सगळा रोख खाऱ्या पाण्यावर असतो. आपलं पाणी गोडं. आपल्याकडे खरा त्रास मे महिन्याचा. भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या पुढे जातो, आणि काठावर ओढून ठेवलेल्या पत्र्याच्या होडीत त्याहून कितीतरी जास्त तापतं. लेड-ॲसिडचं आयुष्य दर दहा अंश वाढीला साधारण निम्मं होतं, असा ठोकताळा आहे. बऱ्याच लिथियम बॅटऱ्यांना ४५ अंशांच्या वर चार्ज करायची परवानगीच नसते. म्हणून सकाळी होडी काठाला लागली की बॅटरी काढून घरी न्या, सावलीत गार होऊ द्या, मग चार्जिंगला लावा. ज्या डब्यात बॅटरी ठेवता तो होडीत कायमचा ठोकून बसवू नका. खाली लाकडी पट्टी घाला, म्हणजे तळाला साचलेलं पाणी लागणार नाही, आणि जुन्या सायकल ट्यूबच्या पट्टीने डबा मधोमध आवळून बांधा. डबा पांढरा घ्या.

वायरिंगमध्ये माझा सगळ्यात मोठा आग्रह फ्यूजचा आहे. तो बॅटरीच्या प्लसपासून वीतभराच्या आत हवा. लांब बसवला तर बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधल्या वायरला फ्यूजचं संरक्षणच राहत नाही. ती पत्र्याच्या कडेला घासली, तर १८ अँपिअर-तासांची छोटी बॅटरीसुद्धा क्षणात शेकडो अँपिअर सोडते आणि वायर लाल होते. मुख्य लाइनला १० अँपिअरचा फ्यूज, मग दिव्याला, मोबाइलला आणि फाइंडरला वेगवेगळा. फाइंडरचा किती ते त्याच्या माहितीपत्रकात असतं. बहुतेकांना ३ लागतो.

मोटारसायकल-ट्रॅक्टरवर काम केलेल्या माणसाला बॉडी अर्थची सवय असते: प्लसची एक वायर ओढायची, मायनस बॉडीला. पत्र्याच्या होडीवर हे अजिबात करू नका. ओल्या होडीतून करंट फिरू लागला की जोड आणि रिव्हेटजवळचा पत्रा खाल्ला जातो, आणि बाहेरून तो धडधाकट दिसत असतो. प्रत्येक वस्तूला प्लस आणि मायनस अशा दोन्ही वायरी बॅटरीपर्यंत आणा.

वायर तांब्याची, मल्टिस्ट्रँड, दीड स्क्वेअर एमएमची पुरते. पाच मीटरवरच्या दोन अँपिअरच्या लोडला ती पाव व्होल्टच खाते. दुकानात उरलेली घरच्या फिटिंगची जाड एकतारी वायर वापरू नका, हेलकाव्यांनी ती आतल्या आत तुटते. टोकाला थिंबल (धातूची टोपी) लावा, चिमट्याने दाबा आणि मग हाताने जोरात ओढून बघा. निसटलं तर कापून परत. त्यावर श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा आणि टर्मिनलवर पेट्रोलियम जेली. नुसती टेप गुंडाळलेला जोड एका पावसाळ्यात हिरवा पडतो. वायर डब्यात वरून घालू नका. आधी खाली झोका देऊन मग बाजूच्या ग्लँडमधून (वायर आवळून धरणाऱ्या बुचातून) वर न्या, म्हणजे ओघळणारं पाणी झोक्यावरून खाली ठिबकेल.

फाइंडरच्या स्क्रीनवर मोबाइल लावताच आडव्या रेघा आणि ठिपक्यांचा पाऊस दिसू लागला, तर मासे समजून जाळं टाकू नका. स्वस्त यूएसबी चार्जरचा तो गोंगाट असतो. चार्जर उपटून बघा. स्क्रीन साफ झाली तर चार्जर बदला आणि फाइंडरची लाइन बॅटरीपासूनच वेगळी ओढा. सेन्सरची केबल लांब वाटली म्हणून कापू नका, गुंडाळून बांधा.

चार्जर बॅटरीच्या जातीचाच हवा. लिथियम आयर्न फॉस्फेटला १४.४ ते १४.६ व्होल्टवर थांबणारा. ट्रॅक्टरच्या बॅटरीचा जुना ट्रान्सफॉर्मरवाला नको. लेड-ॲसिड चार्ज होताना हायड्रोजन सोडू शकते, म्हणून डब्याचं झाकण उघडं ठेवा. २० वॅटचं सोलर पॅनल चांगल्या उन्हात तासाला अँपिअरभर देतं, पण मध्ये चार्जिंग आवरणारा कंट्रोलर लागतोच. त्याला आधी बॅटरी जोडा, मग पॅनल. इन्व्हर्टर लावून २३० व्होल्ट होडीवर आणायचा विचारसुद्धा करू नका.

मल्टीमीटर जवळ ठेवा. लोड काढून थोडा वेळ थांबून बघितलं तर लेड-ॲसिड १२.७ व्होल्टला भरलेली, १२.२ ला निम्मी. लिथियमचं तसं नाही. तिचा आकडा जवळजवळ शेवटपर्यंत १३ च्या आसपास असतो आणि मग बीएमएस एकदम लाइन तोडतं. म्हणून स्वतःच्या सेलवर चालणारा वेगळा टॉर्च खिशात असू द्या, आणि तो लाइफ जॅकेटला दोरीने बांधा.

पावसाळ्यात होडी बंद असेल तेव्हा लेड-ॲसिड पूर्ण भरून ठेवा आणि महिन्यातून एकदा चार्ज करा. लिथियम निम्मी भरून, वायरी सोडवून, घरातल्या गार कोपऱ्यात.