धावफलक नसला तरी बेसबॉलचा हिशेब असा ठेवावा

क्रिकेटवर वाढलेला प्रेक्षक नाशिकमध्ये शालेय बेसबॉल पाहायला गेला आणि मैदानावर धावफलक नसला, की दुसऱ्या-तिसऱ्या डावातच त्याचा हिशेब सुटतो. त्यावर शंभर पानी वही आणि पेन्सिल पुरेशी आहे.

पानावर फलंदाजीच्या क्रमाने नऊ ओळी आणि डावांचे उभे रकाने आखावेत. क्षेत्ररक्षकांचे रूढ क्रमांक पाठ करावेत : पिचर (चेंडू फेकणारा) १, कॅचर (फलंदाजामागे चेंडू झेलणारा) २, पहिल्या बेसवरचा (धावताना गाठायच्या टप्प्यावरचा) ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला) ६ आणि बाह्यक्षेत्रात, फलंदाजाच्या बाजूने पाहता, डावीकडून ७, ८, ९. शॉर्टस्टॉपने चेंडू अडवून पहिल्या बेसवर फेकला आणि फलंदाज बाद झाला, की त्याच्या चौकोनात ‘६-३’ लिहावे. तीन स्ट्राइकवर (फटका हुकणे किंवा योग्य टप्प्यातला चेंडू सोडणे म्हणजे स्ट्राइक) बाद झाल्यास ‘के’, धाव झाल्यास ठळक ठिपका. तिसरा गडी बाद होताच त्या संघाची त्या डावातली फलंदाजी संपते, तेव्हा रेघ ओढावी. सामन्यानंतर माझा भाचा धुळीने माखलेले बोट त्या पानावर ठेवून म्हणाला, “मामा, हा सहा-तीन माझा!” तेव्हापासून मी वही विसरत नाही.

मात्र लिहिताना मान खाली असते आणि फाउल (फटक्यानंतर खेळाच्या हद्दीबाहेर गेलेला) चेंडू प्रेक्षकांत वेगाने येतो. म्हणून होम प्लेटमागे (फलंदाज उभा राहतो त्या जागेमागे), जाळीच्या आडच बसावे आणि पिचर फेकीच्या पवित्र्यात येताच पेन्सिल थांबवावी.